विनू, तू मला नापास केलंस त्याविषयी

विनू,

तुझ्या तेराव्याला आलेली माणसं तुझ्याबद्दल फार चांगलं बोलत होती. कुणी मायाळू म्हणालं, कुणी शांत म्हणालं. तुझ्या कॉलेजातून आलेला एक तरुण डॉक्टर म्हणाला, ‘सर कधी कुणाला दुखवत नसत.’ मी पानावर बसलो होतो, मला जोराचा ठसका लागला. आईनं पाणी पुढे केलं. तिला वाटलं मी रडतोय. खरं सांगू? मला हसू आलं होतं. त्या पोराला सांगावंसं वाटलं, बाबा रे, तुझ्या सरांनी ज्याला सगळ्यांत जास्त दुखवलं तो तुझ्या समोरच वरणभात कालवतोय.

सांगितलं नाही. सांगण्यासारखं न सांगण्याची आपल्या घराण्याची रीतच आहे, आणि त्या बाबतीत तू नि मी दोघंही एका माळेचे मणी. आता पाहुणे गेलेत, तुझ्या कुसुमवहिनीनं ओसरी धुऊन काढलीय, माझी अजून दोन दिवसांची रजा शिल्लक आहे. तळासरीला परत जाण्याआधी तुझ्याशी बोलून घेतो. या वेळी तुला मधे तोंड घालता येणार नाही, तेवढाच माझा फायदा.

आपल्यात पाच वर्षांचं अंतर. बाबा डहाणू रोडच्या पार्सल ऑफिसात होते. ते गेले तेव्हा मी नुकताच इंटर सायन्स झालो होतो आणि तू अजून हाफपँटीत होतास. मला डॉक्टर व्हायचं होतं हे घरात सगळ्यांना माहीत होतं. आता होता येणार नाही हेही कुणी न सांगता सगळ्यांना कळलं. मी तळासरीच्या शाळेत मास्तर झालो, पुढे तू डॉक्टरकीला गेलास. मला त्याचं वाईट वाटत नाही असं मी विचारणाऱ्याला सांगत असे, आणि ते बरंचसं खरं होतं. मास्तरकी मला आवडायची. मुलांच्या पाटीवरची रेघ सरळ आली की मला अजूनही बरं वाटतं.

पण शाळेत एक पत्र्याची पेटी होती. आयोडीन, क्विनीन, कापूस, पट्ट्या. सायन्स शिकलेला मास्तर म्हणून आजूबाजूच्या पाड्यांवरचे लोक लागलं-खुपलं की माझ्याकडे यायचे. मी ऐटीत पेटी उघडायचो. खोटं कशाला बोलू, राहून गेलेली हौस मी त्या पेटीवर भागवत होतो.

लखमा शाळेच्या मागच्या पाड्यातला. भादव्यात बांधावर त्याच्या हाताला साप चावला आणि चौघांनी त्याला उचलून शाळेत आणलं. मी सुतळी घेतली नि त्याचा दंड करकचून बांधला. साप चावला की बांधायचं, एवढं मी वाचलं होतं. बांधल्यावर मधेमधे सैल करायचं असतं, ते वाचलं नव्हतं. ओढ्याला पूर होता, बैलगाडी पलीकडे जाईना. डहाणूच्या दवाखान्यात पोचेपर्यंत दुसऱ्या दिवसाची दुपार झाली आणि तोवर माझी सुतळी जशीच्या तशी. हात काळा पडला होता. कोपराच्या वरून कापावा लागला. पाड्यावरच्यांनी मारलेला साप नंतर मला कुणीतरी काठीवर घालून दाखवला, तर तो दिवड. दिवडाला विष नसतं हे शाळेतली मुलंसुद्धा सांगतील.

म्हणजे साप चावून लखमाला काही झालं नसतं. जे झालं ते माझ्यामुळे. आणि लखमाच्या लेखी मात्र तो जगला तो माझ्यामुळे! दर पावसाळ्यात एका हातानं काकड्यांचं गाठोडं सांभाळत तो शाळेत यायचा. ‘गुरजी, तुमी नसते तर मी गेलोच होतो.’ मी मान हलवायचो. ती काकडी माझ्या घशाखाली उतरायची नाही, मी मुलांना वाटून टाकायचो.

हे मी फक्त तुला सांगितलं. सांगितलं म्हणजे काय, तू काढून घेतलंस. तू शेवटच्या वर्षाला होतास, दिवाळीला घरी आला होतास. पारनाक्याकडून समुद्रावर जाताना मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘काय रे, साप चावल्यावर बांधलेलं किती वेळ ठेवायचं असतं?’

‘वीसेक मिनिटांनी सैल करायचं. का?’

मी चालत राहिलो. तू चालता चालता थांबलास.

‘दादा, तू किती वेळ ठेवलंस?’

‘दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत.’

दुसऱ्या कुणी म्हटलं असतं, जाऊ दे, तुझा हेतू चांगला होता. तू तसं म्हणाला नाहीस. सुरूच्या झाडांखाली उकिडवा बसलास, वाळूत काडीनं रेघा मारत राहिलास आणि मग म्हणालास, ‘ती पेटी बंद करणार आहेस?’

‘बंद केली तर लोकांनी जायचं कुठे?’

‘बंद करणार नाहीस ना? मग शिक.’

मी हसलो. तिशी गाठलेला माणूस, घरी बायको, मुलगी, डोक्यावर म्हातारी आई. तू हसला नाहीस. मी तळासरीला परत येऊन पंधरा दिवस पेटीला कुलूप लावून पाहिलं. सोळाव्या दिवशी एकाचं डोकं फुटलेलं घेऊन माणसं आली आणि मी कुलूप काढलं. पट्टी दोनदा सोडून पुन्हा बांधली. त्या दिवशी मी तुला पत्र टाकलं की तुझ्या मुंबईच्या मेडिकल कॉलेजचा फॉर्म पाठव.

आईनं कपाळाला हात लावला. ‘मुलीला शाळेत घालायच्या वयात बाप निघाला दप्तर घेऊन! शेजारी काय म्हणतील?’ शेजारच्या गुजराती काकी म्हणाल्या ते तुला आठवतं? ‘मधुभाई, हवे भणवानुं?’ आणि या वयात शिकायला निघालो म्हणून खो खो हसल्या. कुसुम तेवढी हसली नाही. ती म्हणाली, ‘जायचं तर याच जूनमध्ये जा. पुढच्या वर्षीपर्यंत तुमचा विचार बदलेल.’ बायको माणसाला किती ओळखते बघ.

पहिल्या दिवसाची गोष्ट तू पुढे गावभर केलीस. मी धोतर-कोटात वर्गात शिरलो आणि सगळी पोरं उभी राहिली. त्यांना वाटलं प्रोफेसर आले. चूक त्यांची नव्हती, माझी होती: मी सवयीनं हात खाली करून म्हटलं, ‘बसा, बसा.’ सगळे बसले. मग मी जाऊन शेवटच्या बाकावर बसलो. तेव्हापासून पाच वर्षं माझं नाव ‘काका’. मी मनाला लावून घेतलं नाही. बारा मिनिटांत पाठ होणारी गोष्ट मला बारा तास घ्यायची, त्याचा त्रास जास्त होता.

तोवर तू डॉक्टर होऊन त्याच कॉलेजात शरीरशास्त्राचा डिमॉन्स्ट्रेटर झाला होतास. हाताची चाचणी होती, खांद्यापासून बोटांपर्यंत. माझी तुकडी नेमकी तुझ्या टेबलावर आली. ती बदलून मागायला तू प्रोफेसरांकडे गेला होतास, हे मला मागाहून कळलं. त्यांनी तुला परत पाठवलं.

तू मला सगळ्यांसारखंच ‘तुम्ही’ म्हणालास. ‘कोपराच्या पुढच्या खळग्यात काय काय असतं, आतल्या बाजूनं बाहेर क्रमानं सांगा.’ मी सांगितलं. मज्जातंतू आणि धमनी यांची माझ्याकडून अदलाबदल झाली. तू पुन्हा विचारलंस. मी पुन्हा तेच सांगितलं, आणखी ठासून, मास्तर सांगतो तसं. तू मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलंस आणि पुढच्या मुलाला बोलावलंस. संध्याकाळी यादी लागली. तेवीस जणांत एकटे काका नापास.

तेही मी गिळलं असतं. पण माझ्या पुढच्या मुलानं सांगितलं, ‘काका, मीपण तेच उलट सांगितलं. मला दोन शब्द ऐकवले नि पास केलं.’

मी तिथे तुला भेटलो नाही. मे महिन्यात डहाणूला आलो तेव्हा गाठलं. त्याच समुद्रावर. मी काय काय बोललो ते लिहायला आज लाज वाटते. मी म्हणालो, मी तळासरीत खडू उगाळत राहिलो म्हणून तू त्या टेबलाच्या त्या बाजूला उभा आहेस. थोरल्या भावानं धाकट्याला कधी ऐकवू नये ते मी ऐकवलं. तू ऐकून घेतलंस. तुझे कान लाल झाले होते, लहानपणी मार खाताना व्हायचे तसे.

मग तू एवढंच म्हणालास, ‘तो मुलगा मुंबईत राहणार. तो चुकला तर त्याला सावरायला दहा जण असतील. तुझ्या मागे तळासरीत कोण असणार आहे, दादा?’

‘म्हणून एकाच चुकीला दोन मापं?’

‘हो.’

‘हा अन्याय आहे.’

‘आहे,’ तू म्हणालास.

मी उठून सरावलीच्या रस्त्यानं तडक चालत सुटलो आणि जेवायलाच परत आलो. त्यानंतर आठ महिने मी तुझ्याशी कामापुरतं बोललो. आईनं विचारलं, ‘तुमचं काही वाजलंय का?’ आपण दोघं एका सुरात ‘नाही’ म्हणालो.

पण रागाचा एक फायदा झाला. तुझ्यावरच्या रागानं मी तो हात घोटला. जेवताना घोटला, एस्टीत घोटला. सुट्टीत घरी आलो की कुसुमचं कोपर धरून धमनी चाचपत बसायचो. ती भाकरी थापत असायची. ‘अहो, आधी माझा हात सोडा, तवा जळतोय.’ मी म्हणायचो, हलू नकोस, हे बघ इथे धमनी, आणि आतल्या अंगाला मज्जातंतू. ‘कळलं हो, आतल्या अंगाला,’ ती म्हणायची. शेवटी शेवटी तिलाच जास्त पाठ झालं होतं. तीन महिन्यांनी दुसऱ्या डिमॉन्स्ट्रेटरनं चाचणी घेतली. तो म्हणाला, काका, पुस्तक गिळलंत की काय.

माझी शेवटची परीक्षा झाली त्या सुमाराला मुंबई राज्याच्या दोन फोडी झाल्या आणि झाई गावाच्या पलीकडे दुसरं राज्य सुरू झालं. माझ्या तळासरीला त्याचं काही नव्हतं. मी तिथल्या दवाखान्यात रुजू झालो. तू म्हणालास, आणखी दोन वर्षं मुंबईत काढ, पुढचं शिक. मी म्हणालो, माझे केस पांढरे झाले. तो वाद आपण पुष्कळ वर्षं चालवला. खरं तर तो सोयीचा होता, कारण खऱ्या वादाकडे त्यामुळे वळावं लागत नव्हतं.

आणि लखमाचा वाद. तू दर वेळी विचारायचास, ‘त्याला खरं सांगितलंस?’ मी म्हणायचो, सांगून त्याचा हात परत येणार आहे का? तू म्हणायचास, ‘तो तुला देव मानतो आणि तू मानू देतोस.’ विनू, मी अजून सांगितलेलं नाही. हिंमत झाली नाही, की सांगणं हाच पुन्हा एक मास्तरी तोरा होईल असं वाटलं, ते मला ठरवता आलेलं नाही. तू असतास तर दोन वाक्यांत ठरवलं असतंस. लखमा तुझ्या तेराव्याला आला होता. अंगणात बसून जेवून गेला.

आता जे तुला कधी सांगितलं नाही ते सांगतो.

मी रुजू झाल्यानंतरच्या तिसऱ्या गवतकापणीच्या हंगामात एका सकाळी सोमी नावाच्या बाईला घेऊन माणसं आली. गवत कापताना शेजारणीचा विळा निसटून तिच्या कोपराच्या खळग्यात घुसला होता. घरच्यांनी लुगड्याची चिंधी दंडाला आवळून बांधली होती आणि दोन तास चालत आले होते. बोटं निळसर व्हायला लागली होती. मी ती चिंधी पाहिली आणि मला लखमाचा हात दिसला. सोडली तर रक्त उडणार, ठेवली तर हात जाणार. डहाणू तासाभराच्या रस्त्यावर, गाडी नाही, आणि माझ्या मागे कोण? एक कंपाउंडर, तोही डोळे मिटून उभा.

मी चिंधी सैल केली. रक्त उडालं. बोटानं दाब दिला, पुसलं, पुन्हा पाहिलं. धमनी कापली होती. तिच्या आतल्या अंगाला, अगदी खेटून, मज्जातंतू शाबूत होता, पण रक्तानं माखून तोही धमनीसारखाच दिसत होता. घाईत चिमट्यात तो सापडला असता तर हात राहिला असता आणि बोटं गेली असती. मला घाई झाली नाही. कुठलं काय आहे हे माझ्या बोटांना आधीच माहीत होतं. मी धमनी बांधली आणि मज्जातंतूला धक्का लागू दिला नाही.

सोमीनं एकदाच तोंड उघडलं. ‘डाक्टर, विळा धरता येल ना?’ मी म्हटलं, बघू. तीन दिवस मी तिच्या बोटांना हात लावून बघत होतो, आजूबाजूच्या बारीक धमन्यांतून रक्त पोचून ती गरम आहेत का. चौथ्या दिवशी तिनं माझं बोट मुठीत धरून दाबलं. मी दवाखान्याच्या मागे जाऊन रडलो. आनंदानं म्हण, नाहीतर लखमासाठी म्हण. दोन्ही होतं.

त्या दिवशी मी तुला कार्ड लिहायला घेतलं. ‘चि. विनायक यास अनेक आशीर्वाद.’ पुढे लिहिलं, आई बरी आहे, गवताचा हंगाम जोरात आहे, कुसुमनं लोणचं पाठवलंय. सोमीचं लिहायला जागा होती. लिहिलं नाही. लिहिलं असतं तर पुढची ओळ लिहावी लागली असती, आणि ती लिहायला माझा हात धजेना.

मग तुझी किडनी बिघडली आणि तू डहाणूला घरी येऊन राहिलास. आपल्या दोघांनाही माहीत होतं की यावर औषध नाही. आईला मात्र आपण समुद्राची हवा, पथ्य वगैरे सांगत राहिलो. मी दर शनिवारी एस्टीनं यायचो, तुझं ब्लडप्रेशर घ्यायचो आणि तू पडल्या पडल्या माझी परीक्षा घ्यायचास. ‘किती आलं? बरोबर ऐकलंस? पुन्हा घे.’ एकदा म्हणालास, ‘ज्याला नापास केलं त्याच्याच हातात नाडी द्यावी लागली, बघ.’ मी म्हटलं, ‘गप्प पड, नाहीतर आणखी आवळीन.’ दोघंही हसलो. इतक्या वर्षांत ते ‘नापास’ तुझ्या तोंडून पहिल्यांदाच आलं होतं.

त्यानंतरचा शनिवार. तुझे पाय सुजले होते, डोळ्यांखाली फुगलं होतं. मी पट्टा गुंडाळून ठेवत होतो. तू भिंतीकडे बघत विचारलंस, ‘दादा, अजून राग आहे?’

मी म्हटलं, ‘कसला राग?’

मग म्हणालास, ‘बरं.’

विनू, ‘कसला राग’ काय! राग होता. दहा-बारा वर्षं मी तो जपून ठेवला होता. तेवीस जणांत एकटा नापास झाल्याचा होता, आणि तुझ्यापुढे उघडा पडल्याचा त्याहून जास्त. आणि त्याच दहा-बारा वर्षांत, कुठल्याही उघड्या जखमेवर वाकलो की तू माझ्या पाठीशी उभा असायचास आणि विचारायचास, क्रमानं सांगा. हे सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. कुसुम चहा घेऊन आली, मी चहा घेतला आणि शेवटची बस पकडली. पुढच्या बुधवारी सकाळी दूधवाला आला त्या वेळेला तू गेलास. तार माझ्या हातात पडली तेव्हा समोर रांगेत अकरा माणसं बसली होती. ती मी तपासली आणि मग निघालो. तुला पटलं असतं, असं मी धरून चाललो.

तुला अंगणात ठेवलं होतं. अग्नी चुलतभाऊ देणार होता; थोरल्यानं धाकट्याचं करायचं नसतं. एकेक जण पुढे होऊन तुझ्या पाया पडत होता. मीही पुढे झालो, तर भटजींनी हात आडवा घातला. ‘मधुकरराव, तुम्ही थोरले. थोरल्यानं धाकट्याला नमस्कार करायचा नसतो. बाजूला व्हा.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, ‘गुरुजी, हा मला शिकवायला होता.’

त्यांना ते पटलं नाही. ते आणखी काही सांगणार होते, पण दाराशी बसलेली आई म्हणाली, ‘करू द्या त्याला. त्यांचं त्यांना ठाऊक.’

भटजींनी हात काढला. मी गुडघे टेकले, तुझ्या सुजलेल्या पायांवर डोकं ठेवलं आणि तुला म्हटलं, बरोबर केलंस.